सुनेच्या माहेरचा फेरफार : टेनेसीतलं एक घराणं मुळात आलं कुठून?

मोजणीबाई

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. मोजणी, हद्दी कायम करणं, फेरफाराच्या नोंदी, पोटहिश्शांची भांडणं. आता निवृत्त होऊन मुलाकडे ईशान्य टेनेसीत, जॉन्सन सिटीला असते. सून इथलीच. तिच्या माहेरचे लोक याच डोंगरांत दोनशेहून जास्त वर्षं आहेत. गेल्या दिवाळीत चकल्या खाता खाता तिनं विचारलं, तुमच्याकडे किती पिढ्यांची नावं ठाऊक असतात? नाशिकला उपाध्यायांच्या वहीत सासऱ्यांनी दाखवलेल्या सात पिढ्या मी घडाघडा म्हणून दाखवल्या. ती बघतच राहिली. मग तिनं कपाटातून एक फाइल काढली. तिच्या मामेआजोबांनी इंटरनेटवरून उतरवून ठेवलेली वंशावळ.

वंशावळीच्या डोक्यावर रंगीत ढाल, ढालीवर सिंह. मूळ पुरुष 1752 साली आयर्लंडात, अँट्रिममध्ये जन्मलेला, वर कुठल्याशा किल्ल्याचं नाव. छान. पण खाली त्याच्या आईचं जन्मसाल 1743! नऊ वर्षांच्या पोरीला मुलगा. आमच्या खात्यात अशी नोंद कुणी केली असती तर साहेबांनी उभं-आडवं झापलं असतं. मी म्हटलं, ही वंशावळ बाजूला ठेवू आणि आपल्या पद्धतीनं करू. चालू सात-बारापासून सुरुवात, मग एकेक फेरफार मागं.

तसं केलं. 1880 च्या जनगणनेत माणसाच्या आईबापांचा जन्म कुठल्या राज्यात झाला तेही लिहिलंय. 1850 ची जनगणना ही घरातल्या सगळ्या मोकळ्या, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसांची नावं देणारी पहिली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे नुसते आकडे. 1850 पर्यंत गाडी सुरळीत आली. तिथला म्हातारा 1788 चा, जन्म टेनेसी. त्याचा बाप सलिव्हन काउंटीत राहायचा हे दोन-तीन कागदांवरून नक्की. आणि इथे वाट संपली. टेनेसीची 1790 आणि 1800 ची जनगणना शिल्लक नाही. सलिव्हनचं कोर्टहाऊस ब्लाउंटव्हिलला, ते 1863 च्या सप्टेंबरात यादवी युद्धाच्या लढाईत जळलं. दप्तर गेलं.

तर प्रश्न असा: जळालेल्या दप्तराच्या पलीकडे कसं जायचं? हा माणूस सलिव्हनमध्ये आला कुठून? आडनाव इथे देत नाही, घरची माणसं आहेत. स्कॉटिश वळणाचं आहे, एवढं धरून चाला.

तिरकस_तात्या

आपल्याकडे ज्याचा त्याचा पूर्वज पानिपतावर लढलेला असतो, तिकडे ज्याचा त्याचा किल्ल्यातला. बाजारबुणग्यांचे वंशज गेले कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे सुटलेला नाही.

गंमत नाही करत. न्यूयॉर्कात गुस्ताव्ह अँजू नावाचा एक गृहस्थ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत कुटुंबांना खोट्या वंशावळी करून देणं हा त्याचा धंदा. दहा कागद खरे, त्यांत दोन खोटे असे बेमालूम घुसवायचा की वंश थेट युरोपातल्या सरदारापर्यंत जाऊन भिडायचा. त्याच्या वंशावळी अजून इंटरनेटवर एकमेकांच्या झाडांत उतरवल्या जातात. सुनबाईंचा सिंह कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलाय ते एकदा तपासा.

गोदाकाठ

मोजणीबाई, सुरुवात अगदी बरोबर केलीत. मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला असतो, या कागदांचा छंद लागून बारा वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली: काउंटी बघू नका, काउंटीची आई बघा. सलिव्हन झाली 1779 साली, वॉशिंग्टन काउंटीतून. ती वॉशिंग्टन 1777 ची, आणि तेव्हा हे सगळं नॉर्थ कॅरोलिना होतं. टेनेसी राज्य 1796 चं. मध्ये 1784 ते 1788 इथल्या लोकांनी 'फ्रँकलिन' नावाचं स्वतःचं राज्यच थाटलं होतं, त्याला अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, मान्यता दिली नाही. म्हणजे तुमचा 1788 चा म्हातारा 'जन्म टेनेसी' सांगत असला तरी तो जन्मला त्या दिवशी टेनेसी नव्हतंच.

आणि यातली खरी मेख पुढेच आहे. होल्स्टन नदीच्या उत्तरेला राहणारे लोक 1779 पर्यंत आपण व्हर्जिनियात आहोत असंच समजून चालले होते. जमिनीचे कागद व्हर्जिनियाचे, कर व्हर्जिनियाला, मिलिशिया व्हर्जिनियाची. हद्दीची रेषा आखायला व्हर्जिनियाकडून थॉमस वॉकर आणि कॅरोलिनाकडून रिचर्ड हेंडरसन असे दोघे निघाले, वाटेत त्यांचं फाटलं, आणि दोघांनी दोन वेगळ्या रेषा आखल्या. मधला पट्टा पुढे वीसेक वर्षं भांडणात. तेव्हा तुमच्या माणसाचे कागद 1779 च्या आधी व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टन काउंटीत शोधा (हो, तिथेही वॉशिंग्टनच, नावांची टंचाई होती). 1776 च्या आधी ते फिनकॅसल काउंटीत असतील, 1772 च्या आधी बॉटटॉटमध्ये, 1770 च्या आधी ऑगस्टामध्ये. पाच काउंट्यांत नाव सापडेल आणि माणूस कदाचित एकाच ओढ्याकाठी बसलेला असेल.

ऑगस्टाचं कोर्ट स्टॉन्टन गावात 1745 मध्ये सुरू झालं आणि त्याचं दप्तर शाबूत आहे. सगळी मदार त्याच्यावर.

मोजणीबाई

अगदी पटलं. 1981 च्या आधीचा सावंतवाडीचा कागद हुडकायचा तर सिंधुदुर्ग म्हणून कुठे मिळणार, रत्नागिरीच म्हणावं लागतं. हे इतकी वर्षं केलंय, पण इथे येऊन डोक्यातच आलं नाही. दुसरी गोष्ट कोणती?

गोदाकाठ

दुसरी रात्री लिहितो, मोठी आहे. ऑफिसात आहे.

ओवी

तोवर मी अल्स्टरचं सांगते, कारण आडनाव स्कॉटिश वळणाचं म्हणालात.

हे लोक मूळचे स्कॉटलंडच्या सखल भागातले प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाचे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजानं उत्तर आयर्लंडात, अल्स्टरमध्ये, नेऊन वसवलेले. तिथे दोन-तीन पिढ्या काढल्या आणि 1717 पासून अमेरिकेची वाट धरली. त्यानंतरच्या साठेक वर्षांत दोन लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. कारणं एकच एक नाही: करार संपले की जमीनदार खंड वाढवायचे, दुष्काळ, 1740-41 चा भीषण हिवाळा आणि उपासमार, शिवाय 1704 पासून सरकारी पदांवर त्यांना मज्जाव, कारण ते राजाच्या चर्चचे नव्हते. 1770 नंतर तागाच्या कापडाचा धंदा बसला तेव्हा शेवटची मोठी लाट निघाली.

मला आवडलेला तपशील जहाजांचा आहे. बारीक लिननसाठी जवस कोवळी असतानाच उपटावी लागते, म्हणजे बी धरत नाही. मग दरवर्षी बी आणायचं कुठून? पेनसिल्व्हेनियातून. फिलाडेल्फियाहून जवसाचं बी भरून जहाजं डेरी, बेलफास्ट, न्यूरीला यायची आणि परतीच्या फेरीत रिकामं कशाला जायचं म्हणून माणसं भरायची. इतके अल्स्टरी लोक फिलाडेल्फिया आणि डेलावेअरमधल्या न्यूकॅसलला का उतरले, त्याचं उत्तर त्या बियांच्या पोत्यांत आहे.

आता वाईट बातमी. जहाजाची यादी शोधत बसू नका. ते राजाचेच प्रजाजन, एका मुलखातून राजाच्याच दुसऱ्या मुलखात चाललेले, त्यांची यादी करायचं कुणाला कारणच नव्हतं. आणि आयर्लंडच्या बाजूचं दप्तर 1922 च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोटात आणि आगीत गेलं. म्हणून 'जन्म 1752, अँट्रिम' असं कुणी छातीठोक लिहिलं की आधी विचारायचं, दाखला कुठाय?

सांडगा

जर्मन लोकांचं नेमकं उलट. ते परके, म्हणून 1727 पासून फिलाडेल्फियात उतरल्यावर त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यायला लावायचे आणि सह्यांच्या याद्या ठेवायचे. संशयापोटी केलेल्या याद्या, आज त्यांच्या वंशजांना सोन्याच्या.

आणि आडनाव दिसतं तसं असेलच असं नाही हो. त्सिमरमानचा कार्पेंटर, श्नायडरचा टेलर किंवा स्नायडर, म्युलरचा मिलर, कोखचा कुक. याच डोंगरातला जॉन सेव्हिअर, टेनेसीचा पहिला गव्हर्नर, ब्रिटिश वळणाचा वाटतो, पण घराणं मूळ ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट. लिहिणारा कारकून इंग्रज, सांगणारा अडाणी, मधे पडलं ते आडनाव.

तिरकस_तात्या

आमच्या आडनावाचं ऑफिसातल्या चहाच्या कपावर जे होतं, त्यावरून खात्री पटते. तीनशे वर्षांनी कुणीतरी मला 'केली'चा वंशज ठरवणार.

गोदाकाठ

हां, आलो. दुसरी गोष्ट: माणूस शोधू नका, टोळी शोधा. त्या जंगलात एकटा माणूस जातच नव्हता. भाऊ, मेहुणे, व्याही, एका चर्चचे लोक, आधीच्या गावातले शेजारी असे मिळून निघायचे आणि नव्या ठिकाणी पुन्हा शेजारी शेजारी जमिनी धरायचे. तुमच्या माणसाचं नाव कागदावर नसेल, पण शेजाऱ्याचं असेल. शेजारी कुठून आला ते कळलं की तुमचाही धागा लागतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे अब्राहम लिंकन. अध्यक्ष म्हणून नव्हे, आपल्या मुळाचा शोध घेणारा माणूस म्हणून. 1859 मध्ये त्यानं स्वतःची छोटी माहिती लिहून दिली, त्यात म्हणतो की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून 1781-82 च्या सुमारास केंटकीत आले, त्यांच्या आधीची माणसं पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतली. पुढे लिहितो की न्यू इंग्लंडमधल्या लिंकन घराण्याशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते एवढंच की दोन्हीकडे नावं सारखी: ईनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम. वकील माणूस, पुरावा नाही म्हणून तिथेच थांबला. सिंहाची ढाल नाही छापली.

नावांनी दाखवलेली दिशा बरोबर होती, हे नंतरच्या संशोधकांनी सिद्ध केलं. सॅम्युएल लिंकन 1637 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमधून मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅमला आला. त्याचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीत आणि तिथून पेनसिल्व्हेनियात. मॉर्डेकायचा मुलगा जॉन 1768 च्या सुमारास व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकवर. जॉनचा मुलगा अब्राहम केंटकीत, आणि तिथे 1786 मध्ये शेत मोकळं करताना मारला गेला. तेव्हा ज्येष्ठपुत्राला सगळी जमीन असा व्हर्जिनियाचा कायदा चालू होता, त्यामुळे थोरल्याला सगळं मिळालं आणि धाकटा थॉमस मोलमजुरी करत वाढला. थॉमस 1816 ला इंडियानात, 1830 ला इलिनॉयमध्ये. थॉमसचा मुलगा तो अध्यक्ष. सात पिढ्या आणि सात ठिकाणं, प्रत्येक उडी आधीच्या उडीच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला.

आता टोळी बघा. बर्क्स काउंटीत लिंकन लोकांचे शेजारी कोण? बून! केंटकीची वाट पाडणारा डॅनिएल बून तिथेच 1734 मध्ये जन्मला. अध्यक्षांच्या पणजोबांच्या सावत्र भावाचं लग्न 1760 मध्ये डॅनिएलच्या चुलत बहिणीशी झालं. बून क्वेकर पंथाचे. थोरल्या पोरानं पंथाबाहेर लग्न केलं म्हणून बापाला, स्क्वायर बूनला, 1748 मध्ये पंथातून काढलं, आणि 1750 मध्ये ते बिऱ्हाड उचलून शेनान्डोआ खोऱ्यातून नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन नदीकडे निघाले. पुढे 1775 मध्ये डॅनिएलनं तीसेक कुऱ्हाडवाल्यांना घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट मोकळी केली, आणि जुने शेजारी त्याच वाटेनं केंटकीत.

क्वेकरांची एक सोय होती, जी तुमच्या प्रेस्बिटेरियनांत नाही. गाव सोडताना जुन्या सभेकडून दाखला घ्यायचा, नव्या गावी दाखवायचा. आपल्या शाळेच्या टीसीसारखं. दोन्ही टोकांना नोंद. बाकीच्यांच्या नशिबी शेजारी शोधणं.

रानमेवा

वाचतेय, रंगलंय. पण एक विचारू? 'जंगलात गेले, जमिनी धरल्या', 'शेत मोकळं करताना मारला गेला'. कुणाच्या जमिनी? 1763 मध्ये खुद्द राजानं जाहीरनामा काढून डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली होती. 1775 मध्ये सिकॅमोर शोल्सला हेंडरसनच्या खासगी कंपनीनं तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांकडून केंटकी आणि आसपासचा मिळून दोनेक कोटी एकरांचा मुलूख सुमारे दहा हजार पौंडांच्या मालाच्या बदल्यात लिहून घेतला. तरुण सरदार ड्रॅगिंग कनू विरोधात उठून गेला आणि नंतर वीसेक वर्षं लढाई चालली. मोजणीबाई, तुम्ही राहता तिथून किंग्जपोर्ट जवळच. तिथल्या नदीतलं लाँग आयलंड चेरोकींची पवित्र जागा होती. त्यातला छोटासा तुकडा त्यांना परत मिळाला तो 1976 मध्ये.

वंशावळीत 'पायोनियर' लिहायला छान वाटतं, म्हणून आठवण करून दिली.

तिरकस_तात्या

आला का राजकारणाचा तडका. बाई आपल्या सुनेसाठी खापरपणजोबा शोधतायत, त्यांना कशाला कोर्टात उभं करता?

रानमेवा

कोर्टात उभं करत नाही हो तात्या. कागद वाचायचे तर सगळे वाचा, इतकंच. त्यांच्या कागदांत ज्यांची नावं नाहीत त्यांचीही माणसं शोधणारे वंशज आज आहेत.

मोजणीबाई

तात्या, भांडू नका. रानमेवा म्हणतात ते माझ्यासमोर आलंच आहे, मी आधी लिहिलं नव्हतं.

सुनेच्या आईकडे एका मृत्युपत्राची नक्कल आहे, 1840 च्या दशकातली, पुढच्या पिढीतल्या एकाची. पलंग, दोन घोडे, नांगर, आणि त्याच ओळीत एक बाई आणि तिची दोन मुलं, नुसती पहिली नावं, पुढे किंमत. मुलं दोन वेगळ्या वारसांना. मी आयुष्यभर वाटपपत्रं वाचली, बैलजोडीचं वाटप वाचलंय, विहिरीच्या पाळ्यांचं वाचलंय. हे वाचून कागद खाली ठेवला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. सूनच म्हणाली, ही तीन नावं पण आपल्या फाइलमध्ये हवीत.

ठेवली आहेत. यांचं पुढे काय करता येतं, कुणाला माहीत आहे का?

ओवी

येतं, आणि तुम्ही केलेलं काम दुसऱ्या कुणाच्या फार उपयोगाचं असू शकतं. 1850 आणि 1860 मध्ये गुलाम माणसांची वेगळी जनगणना झाली, त्यात मालकाचं नाव आणि खाली बहुतेक ठिकाणी नुसतं वय, लिंग, वर्ण. नाव नाही. बहुतेकांचं नाव-आडनाव जनगणनेत पहिल्यांदा लागतं ते 1870 ला. म्हणून त्यांचे वंशज 1870 पाशी येऊन अडतात. पलीकडे जायला मालकाचीच मृत्युपत्रं, वाटपपत्रं, खरेदीखतं लागतात, जी तुमच्या विहीणबाईंसारख्यांच्या कपाटात असतात. ती नावं, साल, काउंटी आणि कुणाच्या वाट्याला कोण गेलं एवढं नीट उतरवून सार्वजनिक वंशावळींच्या साइटवर टाका. 1870 मध्ये त्या वारसांच्या आसपास त्याच नावाची, जुळत्या वयाची माणसं दिसतात का तेही बघा.

अर्धा_चहा

डीएनए कुणीच काढला नाही अजून?

सुनबाईंच्या घरात थेट पुरुष वंशातला, त्याच आडनावाचा कुणी मामा-काका-भाऊ असेल तर त्याची वाय-डीएनए चाचणी करा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसंच्या तसं जातं, म्हणजे आडनावाच्या बरोबरीनं चालतं. आडनावांचे गट असतात, त्यांत 1740-50 च्या एखाद्या कुटुंबाशी जुळलं तर शोध कुठल्या काउंटीत करायचा ते कळतं. नेहमीची थुंकी-चाचणी आठ पिढ्या मागं विश्वासानं नेत नाही.

आणि घरात 'आमची एक आजी चेरोकी राजकन्या होती' असं कुणी सांगितलं तर हळूच मान डोलवा. चेरोकींमध्ये राजकन्या असा प्रकारच नव्हता. दक्षिणेत निम्म्या घरांत ही आजी आहे.

मोजणीबाई

आहे! विहीणबाईंच्या आजीची आजी. मी काही बोलले नाही, लाडू पुढे केला.

सांडगा

तारखांचं एक ध्यानात ठेवा. 1752 च्या आधी इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी 1740 असं लिहिलेलं आपल्या हिशेबानं 1741 असतं. आणि 1752 च्या सप्टेंबरात 2 तारखेनंतर एकदम 14 आली. नऊ वर्षांच्या आईचा घोळ मात्र यानं सुटणार नाही, तो घोळ अस्सल आहे.

गोदाकाठ

अजून एक खाण सांगायची राहिली. 1832 मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना पेन्शन देणारा कायदा झाला. किमान सहा महिने चाकरी केलेली हवी. म्हातारे कोर्टात येऊन शपथेवर सांगायचे: जन्म कुठे, किती साली, वयाचा दाखला काय, बोलावणं आलं तेव्हा राहायला कुठे, नंतर कुठे कुठे राहिलो. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडून सगळं स्थलांतर. काही विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली, ती अजून फायलींत आहेत.

तुमचा माणूस 1832 पर्यंत जिवंत नव्हता बहुधा. पण त्याच्या ओढ्यावरचे शेजारी असतील. ते काय सांगतात वाचा.

मोजणीबाई

पंधरा दिवसांनी येतेय. हाती जे लागलं ते सांगते.

ब्लाउंटव्हिलचं दप्तर जळलं तरी जमिनीचं ग्रँट, म्हणजे सरकारनं जमीन दिल्याचा कागद, राज्याच्या नावानं निघायचं, त्यामुळे त्याची फाइल नॉर्थ कॅरोलिनाच्या राजधानीत, रॅलेला, सुरक्षित. 1782 चं ग्रँट सापडलं! नकाशासकट. मंडळी, तुम्हाला काय सांगू, दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचा मोजणी नकाशा बघताना मला ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. 'पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून दक्षिणेस अमुक पोल, ओढ्याच्या तोंडाशी, तिथून अमक्याच्या हद्दीला लागून' असं करत परत त्या ओकपाशी. आपली चतुःसीमाच. एक पोल साडेसोळा फुटांचा, चार पोलांची 66 फुटांची गंटरची साखळी, आणि तिची निम्मी 33 फूट म्हणजे आपल्या गुंठ्याची बाजू. इंग्रजानं एकच साखळी दोन्हीकडे ओढली. मी मोजमापं कागदावर मांडली तेव्हा सुनेला वाटलं मी जादू करतेय. फक्त दिशा जुन्या होकायंत्राच्या, त्या आज थोड्या सरकलेल्या, तेवढी दुरुस्ती करावी लागली. आमच्याकडे तो ओक कुणीतरी रात्रीतून उपटून दहा हात पुढे लावला असता, असंही मनात आलं.

नकाशाखाली साखळी धरणाऱ्या दोघांची नावं आहेत. इथे मी थबकले, कारण आमच्याकडे साखळी धरायला कोण यायचं? ज्याची जमीन त्याच्याच घरचं, नाहीतर भाऊबंदांतलं. यातलं एक नाव आपल्याच आडनावाचं, आतापर्यंत कुठल्याही कागदात न आलेलं. बहुधा भाऊ. दुसरं आडनाव अनोळखी, पण शेजारच्या हद्दीला तेच आडनाव.

मग गोदाकाठ म्हणाले तसं या अनोळखी आडनावाच्या मागं लागले. ऑगस्टाच्या जुन्या कोर्ट कागदांचे लायमन चॉकली यांनी काढलेले गोषवारे 1912 मध्ये तीन खंडांत छापलेत, ते इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत 1760 च्या दशकात ते आडनाव आणि आपलं आडनाव एकाच दाव्यात, एक फिर्यादी, दुसरा जामीन. शिवाय त्याच शेजाऱ्याच्या घरातल्या एकाचा 1832 चा पेन्शन अर्ज मिळाला. म्हातारा शपथेवर सांगतो: जन्म ऑगस्टा काउंटी, लहानपणी बापाबरोबर होल्स्टनवर आलो. 'आणि सोबत' म्हणून तीन कुटुंबं सांगतो. त्यांत आपलं आहे.

पुरावा पुरा झाला असं मी म्हणत नाही. जामीन राहिलेला तो आपला मूळ पुरुष की त्याच नावाचा बाप, हे गोषवाऱ्यावरून ठरत नाही. त्यासाठी मूळ कागद बघायला हवा. 1752, अँट्रिम आणि किल्ला मात्र मी फाइलमध्ये लाल शाईनं गोल करून 'आधार नाही' असा शेरा मारलाय. जुनी सवय.

तिरकस_तात्या

दप्तर जळलं म्हणून रडत बसली असती दुसरी कुणी. मानलं.

रानमेवा

आणि ती तीन नावं?

मोजणीबाई

टाकली, साल आणि काउंटीसकट. मुलांपैकी एक ज्याच्या वाट्याला गेला, त्याच्या शेजारच्या घरात 1870 ला त्याच नावाचा, जुळत्या वयाचा माणूस आहे, बायको आणि चार पोरं. आडनाव वेगळं घेतलंय. त्याच्या वंशजांपैकी कुणाला कधी दिसेल तेव्हा दिसेल.

गोदाकाठ

मूळ कागदासाठी स्टॉन्टनला जा. तुमच्याकडून चारेक तास, सरळ इंटरस्टेट 81 धरायचा. तो हायवे बराचसा त्या जुन्या 'ग्रेट वॅगन रोड'च्याच खोऱ्यातून जातो, फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, शेनान्डोआ खोरं करत दक्षिणेला उतरणारी जी गाडीवाट होती, तिच्याच अंगानं. फक्त तुम्ही उलट्या दिशेनं जाल. आधी फोन करून वेळ विचारा. आणि पेन नेऊ नका, जुन्या कागदांपाशी बहुतेक ठिकाणी पेन्सिलच चालते.

मोजणीबाई

पुढच्या शुक्रवारी निघतोय, सून आणि मी. तिनं रजा टाकली आहे. दोन पेन्सिली टोकून ठेवल्यात, दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतेय. विहीणबाई पण येतो म्हणतायत, म्हणजे दशम्या वाढवाव्या लागणार.